थेंब केवढा असतो? सहावी ते आठवीला समस्येतून शिकवण्याचा नेमका फायदा

प्रश्न सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा आहे. आधी धडा, मग उदाहरणं हा क्रम उलटा करून आधी समस्याच मुलांपुढे टाकली, तर या वयात खरंच काही जास्त पदरात पडतं का, की नुसता गोंगाट वाढतो आणि पोर्शन मागे पडतो, असं त्यांनी विचारलं आहे.

मी 22 वर्षं याच इयत्तांना शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षं ही पद्धत अधूनमधून वापरते. गोंगाट वाढतो. पोर्शनही थोडा मागे पडतो. तरी मी ती सोडलेली नाही. ‘मुलं हसतखेळत शिकतात’ म्हणून नाही, हसतखेळत शिकवायला याहून सोपे उपाय पुष्कळ आहेत. आपलं नेमकं कुठे अडलंय हे या पद्धतीत मुलाला स्वतःला कळतं, आणि ते कळल्यावर कानावर पडलेलं शिकवणं मुरतं. एरवी आपण वर्षभर, वर्गात कुणालाच न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहतो.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण फायदा कुठे होतो ते तपशिलातच दिसतं.

सातवीचा वर्ग होता. शाळेच्या आवारातला एक नळ महिनाभर ठिबकत होता. मी मुलांना एवढंच सांगितलं: हा नळ वर्षभर असाच राहिला तर किती पाणी जाईल ते मुख्याध्यापकांना एका पानात लिहून कळवायचं, आणि आकडा कसा काढला ते वाचणाऱ्याला पटलं पाहिजे. पाच-पाच जणांचे गट, सहा तासिका.

घड्याळ लावून थेंब मोजायचे हे सगळ्यांनाच सुचलं. सेकंदाला साधारण एक. म्हणजे दिवसाला 86,400. इथवर गाडी सुरळीत आली आणि मग थांबली, कारण एका थेंबात पाणी किती, हे कुणाला माहीत नव्हतं. एका गटाकडे उत्तर तयार होतं: 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. औषधाच्या ड्रॉपरवरून त्यांना ते ठाऊक होतं. त्यांचा हिशोब झाला दिवसाला 4 लिटर 320 मिलिलिटर, वर्षाला 1,577 लिटर. अर्ध्या तासिकेत काम फत्ते, आणि मंडळी मथळा रंगवायला बसली. दुसऱ्या एका गटाने मोजपात्र थेट नळाखाली धरलं आणि 100 थेंब मोजले. पाणी भरलं जवळजवळ 25 मिलिलिटर. त्यांचा थेंब पाव मिलिलिटरचा निघाला. दिवसाला 21.6 लिटर, वर्षाला 7,884.

पाचपट फरक, आणि दोन्ही वह्यांत गुणाकार-भागाकार बिनचूक.

पुढची दहा मिनिटं मी काही बोलले नाही. या पद्धतीतलं सर्वांत अवघड काम तेच आहे. ‘तुमचं मोजपात्र चुकीचं आहे’ पासून सुरुवात झाली, पात्रांची अदलाबदल झाली, पुन्हा मोजणी झाली, आकडा तोच. मग कुणीतरी ड्रॉपर आणला आणि ड्रॉपरचे 100 थेंब त्याच पात्रात मोजले: 5 मिलिलिटर. वर्ग क्षणभर गप्प झाला. थेंबाला ठरलेलं माप नसतं, ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती आणि आता सांगायची गरजही नव्हती. पण लगेच पुढचा प्रश्न आला: मग नळाचा थेंब मोठा का?

तेव्हा मी खडू हातात घेतला. पृष्ठताण म्हणजे काय (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो), थेंब नळाच्या तोंडाच्या कडेला धरून कसा लोंबतो, तोंड रुंद असेल तर तो जास्त वजन पेलून मग सुटतो, हे सगळं पंधरा मिनिटांत झालं. पृष्ठताण मी दरवर्षी शिकवत आले होते, आणि दरवर्षी दुसऱ्या मिनिटाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर असायचा. त्या दिवशी माझं शिकवणं काही सुधारलं नव्हतं. फक्त प्रश्न त्यांचा होता.

तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, ‘टाकी भरलेली असते तेव्हा आणि रिकामी होत आली की वेग तोच राहतो का?’ मग सकाळ, दुपार, शाळा सुटताना अशा वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि सरासरीचा धडा आपोआप लागला. शेवटी आलेल्या पानांवर एकच एक आकडा नव्हता. ‘5,500 ते 8,000 लिटरच्या दरम्यान, कारण वेग दिवसभरात बदलतो’ असं लिहिलं होतं. बारा वर्षांचं मूल आपल्या उत्तराची खात्री कितपत आहे हे आपण होऊन लिहितं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आता हे याच वयात का, याबद्दल. मुलं साधारण अकरा-बाराव्या वर्षापासून डोळ्यांपुढे नसलेल्या शक्यतांवर विचार करू लागतात, ‘असं धरून चाललो तर काय होईल’ हे त्यांना झेपू लागतं, असं मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांचं मांडणं होतं. सगळ्यांना एकदम आणि सगळ्या विषयांत नाही, पण दार उघडायला लागतं हे वर्गात दिसतं. चौथीच्या मुलाला दोन वेगळी उत्तरं आली की तो बाईंकडे बघतो. सातवीचा मुलगा समोरच्याकडे बघतो आणि भांडतो. हे भांडण वाया घालवू नये असं मला वाटतं.

दुसरं कारण शाळेच्या बाजूचं आहे. जॅकलिन एक्ल्स आणि कॅरोल मिडग्ली या संशोधकांनी 1989 पासून एक गोष्ट लावून धरली: या वयात मुलांना स्वतः ठरवायची आणि बरोबरीच्यांत मिसळायची ओढ वाढते, आणि नेमक्या त्याच वेळी शाळा जास्त कडक होते, निवडीला वाव कमी होतो, तुलना वाढते. वयाला हवं ते आणि शाळा देते ते जुळत नाही, म्हणून अभ्यासातला रस आटतो. पाचवीत हात वर करकरून थकणारं मूल आठवीत बाकावर कोपर टेकून बसलेलं आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. मी त्याला ‘वय’ म्हणून सोडून द्यायची. आता तेवढी खात्री वाटत नाही.

पद्धतीचा उगम मात्र मुलांच्या शाळेतला नाही, आणि हे लक्षात ठेवलं तर पुष्कळ चुका टळतात. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत 1969 साली पहिली तुकडी आली ती याच पद्धतीने शिकायला. तिथल्या हॉवर्ड बॅरोज यांनी ती पुढे नेली. शरीरशास्त्र तोंडपाठ असलेला विद्यार्थी प्रत्यक्ष रोग्यापुढे गोंधळतो, हे त्यांचं दुखणं होतं. म्हणून आधी रोगी, मग शास्त्र. 1974 पासून नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या वैद्यकीय शाखेने तेच केलं. पण तिथे शिकणारे विद्यार्थी निवडून आलेले, वाचायची सवय असलेले, लहान गटात आणि प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक. आपल्याकडे एक बाई आणि चाळीस मुलं. तिथली पद्धत उचलून जशीच्या तशी सातवीत ठेवली तर ती कोसळणारच.

यावर सर्वांत कडक टीका 2006 मध्ये पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी केली. त्यांचा मुद्दा असा, की डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी धरता येतात. नवख्या माणसाला उघड्या समस्येत सोडलं की सगळी शक्ती चाचपडण्यात जाते आणि शिकण्यासाठी काही उरत नाही. पुढच्याच वर्षी सिंडी हमेलो-सिल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की नीट केलेल्या समस्याधारित शिकवण्यात मार्गदर्शन कमी नसतं, भरपूर असतं, फक्त ते तयार उत्तराच्या रूपात नसतं. मला दोघांचंही पटतं. किर्शनर मंडळींनी ज्या वर्गाचं वर्णन केलं, तो वर्ग मी स्वतः चालवलेला आहे.

तो किस्सा असा. पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने सहावीला मी समस्या दिली, ‘प्रदूषणावर उपाय शोधा’. दोन आठवड्यांनी माझ्याकडे आठ तक्ते जमा झाले. चकचकीत अक्षरं, चिकटवलेली चित्रं, आणि इंटरनेटवरून जशीच्या तशी उतरवलेली वाक्यं, ज्यांचा अर्थ विचारला तर कुणाला सांगता येईना. प्रत्येक गटात दोघं राबली होती, तिघं गोंद धरून उभी. चूक सर्वस्वी माझी होती. ती समस्या नव्हतीच, नुसता विषय होता. तिच्यात अडण्याची जागा नव्हती, दोन उत्तरांची गाठ पडत नव्हती, काही मोजायचं नव्हतं, आणि चुकलो हे मुलांना स्वतःहून कळायची सोय नव्हती. नळाच्या समस्येत हे सगळं होतं. आता मी समस्या निवडताना एवढंच बघते: मुलं चुकली तर ते त्यांना माझ्याशिवाय कळेल का? कळणार नसेल तर ती बाजूला ठेवते.

शिवाय गटात काम करणं हे शिकवावं लागतं, ही गोष्ट मला फार उशिरा उमगली. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये जॅनेट कोलोडनर यांनी नेमक्या याच वयोगटासाठी, सहावी ते आठवीच्या विज्ञानासाठी, वैद्यकीय पद्धतीचं रूपांतर केलं. मुलं फुग्यावर किंवा रबरबँडवर चालणाऱ्या छोट्या गाड्या बनवायची आणि त्यातून बल, गती शिकायची. त्यात मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की विज्ञानाच्या मुख्य घटकाआधी मुलांना काही दिवस फक्त रीत शिकवली जायची: आपलं काम भिंतीवर लावून इतरांपुढे मांडायचं, दुसऱ्याच्या कामावर कसं बोलायचं, प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट का बदलायची. या वर्गांतली मुलं विषयज्ञानात इतरांच्या बरोबरीची किंवा पुढे राहिली, आणि मिळून काम करण्यात व प्रयोगाची आखणी करण्यात स्पष्टपणे सरस ठरली. मी त्यावरून दर वर्षी पहिला आठवडा असाच घालवते. ‘तू चूक आहेस’ ऐवजी ‘हे कुठून आलं ते दाखव’ म्हणायची सवय लागायला तेवढा वेळ लागतोच.

गणिताबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुमचा तो विषय आहे आणि तिथे शिक्षक सर्वांत जास्त धास्तावतात. शिक्षण-संशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरच्या माध्यमिक विद्यार्थ्यांवर केलेलं काम इथे उपयोगी आहे. काही मुलांना आधी प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत याचं माप, शिकवलं आणि मग गणितं दिली. बाकीच्यांना आधी खेळाडूंचे वर्षावर्षाचे गोल दिले आणि सर्वांत जास्त सातत्य कुणाचं हे मोजायची रीत तुम्हीच शोधा म्हटलं. बरोबर रीत त्यांना सापडली नाही. नंतर त्यांनाही नीट शिकवलं. सूत्र लावून गणित सोडवण्यात पुढे दोघंही सारखे, पण त्याचा अर्थ समजण्यात आणि नव्या ठिकाणी तो लावण्यात धडपडलेली मुलं पुढे गेली. कपूर यांनी त्याला फलदायी अपयश म्हटलं.

मी सातवीला याचं बारकं रूप देते. एकाचे गुण 6, 6, 6, 6, 6. दुसऱ्याचे 2, 10, 4, 8, 6. सरासरी दोघांची 6. मग दोघं सारखेच का? ‘नाही’ हे सगळे एकमुखाने सांगतात, पण किती वेगळे, हे एका आकड्यात मांडा म्हटलं की खरी मजा सुरू होते. कुणी सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करतं. कुणी शेजारशेजारच्या आकड्यांतले फरक मिळवतं. दर वर्षी एखादा गट सरासरीपासूनचे फरक मिळवतो, बेरीज शून्य येते, आणि तोंडं पाहण्यासारखी होतात. ऋण-धन एकमेकांना खाऊन टाकतात हे त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं, त्यामुळे फक्त अंतर बघा, चिन्ह सोडा, हे मी सांगते तेव्हा ते त्यांना सुटका केल्यासारखं वाटतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. धडपडीनंतर शिकवणं आलंच पाहिजे, स्पष्ट, फळ्यावर, बाईंच्या तोंडून. ‘मुलांनीच शोधावं’ या हट्टापायी हा टप्पा गाळणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांची मुलं अर्धवट कल्पना घेऊन पुढच्या इयत्तेत जातात. मूळ कौशल्यं मी या पद्धतीने शिकवतही नाही. अपूर्णांकांची बेरीज, एककांचं रूपांतर, समीकरण सोडवायच्या पायऱ्या हे आधी सोडवून दाखवायचं आणि सराव करून घ्यायचा. नळाची समस्या चालली ती मिलिलिटरचे लिटर करता येत होते म्हणून. ज्यांना येत नव्हते त्या पाच-सहा जणांना मी आदल्या दिवशी वेगळं बसवलं होतं.

मागे पडणाऱ्या मुलांचा प्रश्न नेहमी निघतो. आधार नसेल तर या पद्धतीत ती आणखी मागे पडतात, कारण हुशार मूल गट ताब्यात घेतं. पण आधार दिला तर उलटंही होतं. नळाखाली मोजपात्र धरा, हे ज्याला सुचलं तो मुलगा चाचणीत कधी पहिल्या विसात नसे. ड्रॉपरचं ‘20 थेंब’ माहीत असणं हीच उलट दुसऱ्यांची अडचण ठरली. मी प्रत्येक गटाला तीन रकान्यांचा एक कागद देते: काय माहीत आहे, काय कळायला हवं, ते कसं शोधायचं. पहिल्या रकान्यात प्रत्येकाने आपल्या हाताने एक तरी ओळ लिहायची, आणि ती लिहून होईपर्यंत गटात बोलायचं नाही. पाच मिनिटांची ही शांतता नसेल तर गप्प मुलं शेवटपर्यंत गप्प राहतात. शिक्षकाच्या गप्प बसण्याचंही तसंच आहे. मेरी बड रो यांनी 1970 च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. तीन सेकंद मोजून बघा, फार लांब वाटतात.

गुणांचं थोडक्यात सांगते. गटाला एकत्र गुण देऊ नका. समस्या संपली की प्रत्येकाने एकट्याने लिहायचं, आणि महिन्याभराने बदललेल्या रूपात एक प्रश्न द्यायचा. नळानंतर मी हा दिला होता: 500 मिलिलिटरची सलाईनची बाटली चार तासांत संपवायची, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? एक माहिती मी मुद्दाम दिली नव्हती. सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच मुलांनी हात वर करून विचारलं, ‘बाई, या नळीचा थेंब केवढा आहे?’ सलाईनच्या नळ्या खरोखरच वेगवेगळ्या असतात, काहींत 20 थेंबांचा मिलिलिटर होतो, काहींत 60 चा. 20 धरला तर मिनिटाला सुमारे 42 थेंब येतात, 60 धरला तर 125.

परीक्षेतल्या गुणांवर लगेच परिणाम दिसेल, असं मुख्याध्यापकांना किंवा पालकांना सांगू नका. फिलिप डोखी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये 43 अभ्यास एकत्र तपासले, बहुतेक महाविद्यालयीन पातळीवरचे. ज्ञान वापरण्यात या पद्धतीचे विद्यार्थी पुढे होते. निव्वळ माहितीत ते किंचित मागे होते, पण जे शिकले ते त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. पालक विचारतात, ‘वही कोरी का?’ मी त्यांना ते नळाचं पान दाखवते, खाडाखोडीसकट. बहुतेकांचं समाधान होतं. काहींचं होत नाही, आणि त्यांचीही चिंता खोटी नसते.

पोर्शनचं गणित असं बसवा: एका सत्रात दोन समस्या, जास्त नाहीत. प्रत्येकीत अभ्यासक्रमातले निदान तीन घटक अडकले पाहिजेत, म्हणजे गेलेल्या सहा तासिकांतल्या चार वसूल होतात. उरलेल्या दोन मी खर्च म्हणून सोडते. बाकी वर्षभर नेहमीसारखं शिकवा, चांगलं शिकवा.

पहिली समस्या तुमच्या शाळेच्या आवारातलीच घ्या, जिथे मुलं स्वतः जाऊन मोजू शकतील. ती तुम्ही आधी स्वतः सोडवून बघा, दोन वेगळ्या रीतींनी, आणि उत्तरं कुठे फुटतात ते शोधून ठेवा. आणि मोजपात्रं टेबलावर आधीच मांडून ठेवू नका. कपाटात असू द्या, मुलं मागायला येतील.